दोन झाडांच्या भरवशावर

महाराष्ट्रात दिवाळी येते तेव्हा पावसाने निरोप घेतलेला असतो. गवत पिवळं पडू लागतं, पहाटे हवेत गारवा येतो आणि ट्रेकला जाणारी मंडळी माळ्यावरच्या सॅक खाली काढतात. चेन्नईचं वेळापत्रक याच्या नेमकं उलट. तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्याचे महिने, आणि वर्षभराच्या साधारण चौदाशे मिलिमीटरपैकी निम्म्याहून जास्त पाऊस या तीन महिन्यांतच कोसळतो. 2024च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीचा इशारा आला आणि दक्षिण चेन्नईतल्या वेलचेरीच्या रहिवाशांनी आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन रांगेने लावल्या. ती छायाचित्रं देशभर पाहिली गेली. वेलचेरीकरांच्या डोळ्यांपुढे तेव्हा 2015चा डिसेंबर होता. त्या वेळी जवळच्या तांबरममध्ये एका दिवसात 49 सेंटिमीटर पाऊस झाला होता आणि वेलचेरीतल्या कित्येक गल्ल्यांत तळमजले पाण्याखाली गेले होते.

याच वेलचेरीत ओएमआर, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या कंपन्यांमध्ये काम करणारी अनेक मराठी कुटुंबं राहतात. पुण्या-नाशकात असताना ज्यांचा शनिवार-रविवार गडावर जायचा, ती मुलं इथे आली की पहिला प्रश्न विचारतात: इथे जायचं कुठे? डोंगर दूर, जमीन सपाट आणि ओली, हवा दमट. त्यातल्या काहींनी शोधलेलं उत्तर म्हणजे हॅमॉक, दोन झाडांना बांधायचा कापडी झुला. तंबू ठोकायला कोरडी, सपाट, दगड नसलेली जमीन लागते. झुल्याला जमीन लागतच नाही. चिखल असो, उतार असो, मुळांचं जाळं असो, सरपटणारं काही असो, माणूस त्याच्या वर अधांतरी झोपतो. बदल्यात झुला एकच गोष्ट मागतो: तुमचं वजन रात्रभर पेलतील अशी दोन झाडं, एकमेकांपासून चार ते पाच मीटरवर.

शहरातल्या माणसाला अवघड जाते ती हीच गोष्ट. झुला ऑनलाइन मागवता येतो, गाठी एका संध्याकाळी शिकता येतात. झाड ओळखायला मात्र वेळ लागतो. या छंदाची खरी सुरुवात दुकानात होत नाही, आपल्याच गल्लीतल्या झाडांकडे मान वर करून बघण्यापासून होते, असं माझं ठाम मत झालं आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

झोळीची जुनी ओळख

अधांतरी झोपणं आपल्याला परकं नाही. ऊसतोडीच्या फडावर बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तान्हं मूल निजवलेलं आपण पाहिलेलं असतं. वेलचेरीत आणि पुढे तरमणीकडे जिथे जिथे इमारतींची कामं चालू आहेत, तिथेही बांधकामावरच्या बाया हेच करतात. सुती साडी, एक मजबूत आधार, आणि येता-जाता दिलेला एक झोका. प्रौढांसाठी हीच युक्ती कॅरिबियन बेटांवरच्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी फार पूर्वीच पूर्णत्वाला नेली होती. 1492 मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथल्या घरांत जाळीदार सुती झुले टांगलेले त्याला दिसले. जहाजावर हे अंथरूण फारच सोयीचं ठरलं, कारण जहाज डोललं तरी झुला आपला तोल राखतो. 1597 मध्ये इंग्लंडच्या आरमाराने त्याला अधिकृत मान्यता दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने पॅसिफिकच्या जंगलांसाठी मच्छरदाणी आणि छप्पर जोडलेला झुला बनवला. आज बाजारात मिळणाऱ्या कॅम्पिंगच्या झुल्यांची मांडणी पुष्कळशी तीच आहे.

झोक्याने झोप का लागते, याचाही अभ्यास झाला आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये बारा पुरुषांना दुपारची पाऊण तासाची डुलकी घ्यायला लावली, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा मंद हलणाऱ्या पलंगावर. हलत्या पलंगावर झोप लवकर लागली आणि मेंदूच्या लहरींत गाढ झोपेकडे नेणारे बदल दिसले. आयांना हे ठाऊकच होतं. त्याला मोजमापाचा आधार मिळाला एवढंच.

झाड वाचायला शिकणं

आमच्या इमारतीतला एक नाशिककर तरुण पहिला झुला घेऊन आवारात उतरला, त्या संध्याकाळी मी तिथेच होते. आवाराच्या एका कोपऱ्यात कडुनिंब आणि नारळ बरोबर साडेचार मीटरवर होते. त्याने नारळाला पट्टा गुंडाळायला घेतला आणि फाटकाजवळून वॉचमन लगबगीने आले. “अंगे वेंडाम, सार. तेंगाय विळुम.” तिथे नको, नारळ पडेल. मग त्यांनी स्वतःच आवाराची दुसरी बाजू दाखवली. तिथे पुंगै, म्हणजे आपला करंज, आणि त्याच्यापुढे दुसरा कडुनिंब होता. जाता जाता त्यांनी करंजाच्या खोडावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, कान देऊन आवाज ऐकला आणि मान डोलावली. पोकळ खोडाचा आवाज वेगळा येतो. झाड पाहण्याचा पहिला धडा त्या मुलाला असा मिळाला.

तो धडा थोडा विस्ताराने सांगते. खोड जिवंत हवं आणि निदान 20 सेंटिमीटर व्यासाचं हवं. पट्टा बांधण्याआधी मान वर करून बघायचं. वाळलेली, मोडून अडकलेली फांदी दिसली तर ते झाड सोडायचं, मग खोड कितीही भक्कम दिसो. बुंध्याशी अळंबी उगवलेली असेल, साल सुटून आली असेल, वारूळ असेल, तर आत कुजणं सुरू आहे असं समजावं. आंब्यावर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी असतात. पट्ट्यावरून त्या थेट अंथरुणात येतात. ताडाच्या झावळ्यांचे देठ करवतीसारखे धारदार असतात आणि वाळल्यावर सुटून पडतात. शेवग्याचं लाकूड इतकं ठिसूळ, की त्याच्या वाटेला जायचंच नाही. गुलमोहर दिसायला देखणा, पण त्याची मुळं उथळ आणि फांद्या मोडक्या. चिंच, कडुनिंब, करंज ही भरवशाची.

या भरवशाची परीक्षा चेन्नईने घेतली आहे. 12 डिसेंबर 2016 रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ शहरावरून गेलं आणि एका दिवसात हजारो झाडं आडवी झाली. पडलेल्यांत गुलमोहर, पीतमोहर, पर्जन्यवृक्ष अशी रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेली बाहेरची झाडं मोठ्या संख्येने होती. देशी झाडांनी तुलनेने तग धरला. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा ज्या सुरूच्या बनात पर्यटक झुले टांगायचे ती बनं आणि त्यामागच्या सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. झाडाची मुळं किती खोल आहेत, हा प्रश्न झुला टांगणाऱ्यापुरता नाही. साऱ्या गावाने तो विचारायला हवा.

झाडावर विसंबायचं तर त्याला जपणंही आलं. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या पातळ थरातून वाहतं. बारीक नायलॉनची दोरी वजनाखाली ताणली गेली की साल कापून त्या थरात रुतते. म्हणून पट्टा रुंद हवा, निदान अडीच सेंटिमीटरचा, पाच असेल तर उत्तम, आणि तो पॉलिस्टरचा असावा. नायलॉन ताणलं जातं, त्यामुळे मध्यरात्री पाठ जमिनीला टेकते. खिळा, हूक, फांद्या तोडणं हे कधीच नाही.

तीस अंशांचं गणित

नवशिक्याला वाटतं, झुला जितका ताणून बांधू तितका तो सपाट होईल आणि झोप सुखाची लागेल. होतं उलटंच. ताणलेल्या झुल्याच्या कडा वर येऊन खांदे आवळतात आणि पट्ट्यांवरचा भार भलताच वाढतो. सत्तर किलोच्या माणसाचं उदाहरण घेऊ. पट्टा आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोचा ताण येतो. कोन पंधरा अंशांवर आणला की तो 135 किलो होतो. दहा अंशांवर 200, आणि पाच अंशांवर 400 किलोच्या पुढे. माणूस तोच, झुला तोच, फक्त पट्टा ताणला गेला.

तीस अंश मोजायला कोनमापक लागत नाही. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरायची, तर्जनी आडवी ठेवायची आणि पट्टा अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकाकडे उतरताना दिसला की कोन साधारण जमला. झाडं साडेचार मीटरवर असतील तर पट्टा पावणेदोन मीटर उंचीवर बांधावा लागतो, म्हणजे साधारण आपल्या डोक्याएवढ्या उंचीवर. बसल्यावर झुला जमिनीपासून खुर्चीएवढा, 45 सेंटिमीटर वर राहावा. याहून उंच टांगण्यात कसलंही शौर्य नाही. झुला सुटला तर माणूस पाठीवरच पडतो.

झोपायची पद्धतही शिकावी लागते. झुल्यात सरळ रेषेत झोपलं की शरीराचं केळं होतं आणि सकाळी कंबर धरते. मधोमध बसायचं, पाठ टेकायची आणि मग डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला असं तिरकं व्हायचं. कापड आपोआप सपाट होतं. त्यासाठी झुला मोठा हवा, सव्वातीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. बागेतल्या आरामासाठी विकले जाणारे आखूड झुले रात्रीच्या झोपेला कामाचे नाहीत.

पहिली रात्र कुठे काढायची? वेलचेरीच्या तीन-चार मजली इमारतींवर मोट्टै माडी असते, म्हणजे उघडी गच्ची. कपडे वाळत घालायला, पापड-वडाम सुकवायला, उन्हाळ्यात वाऱ्याला बसायला. सरावाला याहून सोयीची जागा नाही. घर, न्हाणीघर, पाणी सगळं दोन जिन्यांवर. पण इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. तीस अंशांच्या कोनातही प्रत्येक टोक साठ किलोच्या जोराने आडवं ओढलं जातं. गच्चीचा कठडा, विटांचा खांब, टाकीखालचा चौथरा, सोलर हीटरचा सांगाडा यांतलं काहीही असं बाजूने ओढण्यासाठी बांधलेलं नसतं. विटांचा खांब सुटला तर झोपलेल्या माणसाच्या अंगावरच येतो. म्हणून गच्चीवर लोखंडी स्टँड वापरावा, किंवा इमारतीच्या अभियंत्याने दाखवलेला सिमेंट-काँक्रीटचा मूळ खांबच निवडावा. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी, किल्ली मागून न्यावी.

डास, वारा आणि पाणी

चेन्नईत पहिला शत्रू डास. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा डास इथल्या गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. डेंग्यूचा एडिस कुंड्यांच्या बशीत आणि टाकलेल्या टायरांत. झुल्यावर मच्छरदाणी टाकली की काम झालं असं नव्हे. पातळ नायलॉनला पाठ घट्ट चिकटलेली असते आणि डास खालून, कापडातून चावतो. मच्छरदाणी झुल्याला चहूबाजूंनी वेढणारी हवी, किंवा झुला दुहेरी कापडाचा असून मध्ये चटई सरकवलेली हवी.

दुसरी गोष्ट कोणालाही पहिल्यांदा खरी वाटत नाही: चेन्नईकरालाही झुल्यात थंडी वाजते. जमीन असते तेव्हा पाठीखाली उबदार हवा अडकून राहते. झुल्याखाली वारा मोकळा असतो आणि तो रात्रभर पाठीची ऊब पळवतो. समुद्रकिनारी जानेवारीच्या पहाटे हे जाणवतं. यरकाडसारख्या दीड हजार मीटर उंचीच्या ठिकाणी तर झोपच उडते. स्लीपिंग बॅग आत घेऊन भागत नाही, कारण अंगाखाली दबलेल्या अस्तरात हवा उरत नाही आणि हवा नसली की ऊब नाही. पांघरूण झुल्याच्या बाहेरून, खाली टांगायचं असतं. त्यासाठी खास रजया मिळतात, महागही असतात. आपल्याकडची गोधडी दोन्ही टोकांना नाड्या लावून झुल्याखाली सैलसर टांगली, तर दक्षिणेतल्या हिवाळ्याला ती पुरते. आजीच्या गोधडीचा हा उपयोग त्या नाशिककर मुलाने स्वतः शोधून काढला.

तिसरं पाणी. झुल्यावर तीन मीटर लांबीरुंदीची ताडपत्री तिरकी ताणली की पाऊस बाहेर राहतो. तरीही अंथरूण भिजतं, कारण खोडावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावरून वाहत थेट झुल्यात येतं. उपाय अगदी साधा आहे. झुल्याच्या अलीकडे पट्ट्यावर वीतभर सुती दोरा बांधून लोंबता सोडायचा. पाणी तिथे थांबतं, दोऱ्यावरून ठिबकतं आणि जमिनीवर पडतं. विजा चमकत असतील तर मात्र कुठलीच ताडपत्री उपयोगी नाही. तेव्हा झाडाखालून निघून पक्क्या छपराखाली जायचं.

जायचं कुठे, विचारायचं कोणाला

वेलचेरीला लागूनच गिंडीचं राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम 2.7 चौरस किलोमीटरचं, काळवीट आणि चितळांचं. दक्षिणेला पल्लिकरणैची पाणथळ आहे, जिला 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दोन्ही जागा झुल्यासाठी नाहीत आणि नसाव्यात. तिथे झाडं, पक्षी, पाणी बघायला जावं.

पहिली खरी रात्र ईस्ट कोस्ट रोडवर, महाबलीपुरमच्या वाटेवर, कोणाच्या तरी खाजगी वाडीत काढावी. मालकाला भेटून, दिवसाउजेडी झाडं बघून, त्याच्या होकारानेच. या किनाऱ्यावर सुरूच्या लागवडी पुष्कळ आहेत. मात्र बांधकामाच्या वाशांसाठी लावलेल्या सुरूची खोडं मनगटापेक्षा थोडीच जाड असतात, ती टाळावीत. पुढचा टप्पा येलगिरीचा. चेन्नईपासून सव्वादोनशे किलोमीटर, वर जायला चौदा वळणं, त्यातल्या काही वळणांना तमिळ कवींची नावं. तिथेही राहण्याच्या जागेच्या आवारातच झुला टांगावा, राखीव जंगलात नाही.

हे आग्रहाने सांगण्याला कारण आहे. 11 मार्च 2018 रोजी थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणवा पेटला. चेन्नईहून आणि ईरोड-तिरुप्पूर भागातून आलेले ट्रेकर त्यात सापडले. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. वाळलेलं उंच गवत, चढाला लागून वर धावणारी आग आणि बाहेर पडायची अनोळखी वाट, असं सगळं एकाच वेळी जुळून आलं. त्याच वर्षी तमिळनाडूने ट्रेकिंगचे नियम कडक केले. 2024च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या वनखात्याने ‘ट्रेक तमिळनाडू’ हा उपक्रम सुरू केला. चौदा जिल्ह्यांतल्या चाळीस वाटा, ऑनलाइन नोंदणी, आणि बरोबर जंगलालगतच्या गावांतले प्रशिक्षित वाटाडे. वणव्याच्या हंगामात, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, या वाटा बंद असतात. यातल्या बहुतेक वाटा एका दिवसाच्या आहेत. त्यावर झुला घेऊन जायचं नाही. पण ज्याला पुढे रानात रात्र काढायची आहे, त्याने आधी या वाटाड्यांबरोबर दिवसभर चालावं. कुठलं झाड मधमाश्यांचं, कुठली वाट हत्तींची, वारा कुठून येतो, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

म्हणजे वेलचेरीकराच्या हाती मोसम किती उरतो? डिसेंबरपर्यंत पाऊस, फेब्रुवारीच्या मध्यानंतर वणव्याची भीती आणि पुढे कत्तिरीचं, म्हणजे मे महिन्यातलं कडक ऊन. साधारण पोंगलच्या आसपासचे सहा-सात आठवडे. हा काळ थोडा वाटतो, पण शिकणाऱ्याला तो सोयीचा आहे. पावसाळाभर झाडं ओळखायची, गच्चीवर सराव करायचा आणि जानेवारीत बाहेर पडायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हा क्रम लागू आहे. सह्याद्रीतले बरेचसे गडमाथे उघडे, झाडं नसलेले. शिवाय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या गडांवर रात्री मुक्काम करता येत नाही. झुल्याची जागा कोकणातल्या वाड्यांत, घाटाखालच्या आमराईत, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर आहे. देवराईत मात्र पट्टा बांधू नये. तिथल्या झाडांवर गावाची श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेनेच ती झाडं आजवर वाचली आहेत.

गल्लीतल्या झाडांचा हिशेब

वेलचेरीत भर वस्तीत झुला टांगता येईल अशा जोड्या शोधायचं काम त्या नाशिककर मुलाने आणि त्याच्या मित्रांनी हौसेने सुरू केलं. जुन्या घरांच्या परसात जोड्या सापडल्या, देवळाजवळ सापडल्या, तळ्याच्या काठाला काही सापडल्या. नव्या इमारतींच्या रांगांमध्ये फार क्वचित. तिथे झाडं आहेत, पण फरशीतल्या चौकोनी खड्ड्यात कोंडलेली, बुंध्यापर्यंत सिमेंट भरलेलं, मुळांना पसरायला वावच नाही. वादळात पहिली पडतात ती अशीच झाडं. पावसाचं पाणी जमिनीत जिरत नाही तेही याच सिमेंटमुळे. 2015चा पूर आणि 2016ची वाताहत वेगवेगळ्या वर्षी आल्या, पण जमिनीला आणि मुळांना मोकळं न ठेवण्याची किंमत दोन्ही वेळा शहरानेच मोजली.

झुला ज्याने एकदा टांगला, त्याला हे दिसू लागतं. ज्या खोडावर आपण रात्रभर विसंबून झोपलो, त्याच्या बुंध्याशी सिमेंट ओतलं जात असेल तर तो माणूस गप्प बसत नाही. आमच्या इमारतीच्या बैठकीत करंजाभोवतीची फरशी काढून मीटरभर माती मोकळी करण्याचा ठराव त्या मुलाने मांडला, आणि वॉचमनने कुठपर्यंत खणायचं ते दाखवलं. गिर्यारोहणाच्या कोणत्याही विक्रमापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

म्हणून या दिवाळीत कोणाला झुला घ्यायची इच्छा झाली असेल, तर माझी विनंती एवढीच आहे. खरेदीआधी आपल्या गल्लीतली दहा झाडं नावानिशी ओळखा. त्यांचं खोड, मुळं, वाळक्या फांद्या बघा आणि ज्याच्या आवारात ती आहेत त्याच्याशी बोला. त्यांतली दोन जरी तुमचं वजन पेलायला सक्षम निघाली, तर तुमचं शहर अजून राहण्याजोगं आहे. एकही निघालं नाही, तर झुल्याचे पैसे बाजूला ठेवा आणि येत्या पावसाळ्यात कडुनिंबाची आणि करंजाची रोपं लावा, एकमेकांपासून साडेचार मीटरवर.